साहेबांचं विमान

"नऊ हजार किलोमीटर," लेक अण्णांच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाली. "सरळ विमान मिळालं तर अकरा तास. मध्ये बदलावं लागलं तर वीस."

अण्णांनी डोळे मिटून मनात काहीतरी जुळवलं. "म्हणजे आज निघाला तर उद्या इथं..."

"निघाला तर ना!"

तिनं कापसाचा बोळा पाण्यात बुडवून त्यांच्या सुकलेल्या ओठांवरून हलकेच फिरवला. आता त्यांना घोटभर पाणीही गिळवत नव्हतं. डॉक्टरांनी सकाळीच तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या. अण्णांना एकाच माणसाला बघायचं होतं. परदेशातल्या धाकट्या मुलाला.

वॉर्ड पुसणाऱ्या मावशी खाटेपाशी आल्या. "काय म्हणतात आज साहेब?"

त्याला कुणी बघितलं नव्हतं, पण साहेब हे नाव वॉर्डात पक्कं झालं होतं.

"आधी रजा नव्हती. मग तिकीट महाग होतं. काल म्हणाला, एवढ्या लांबच्या प्रवासात पाय सुजतात."

"पाय सुजतात?" मावशींनी फडकं बादलीत आपटलं. "मी दिवसभर उभी असते, मला काय पंख फुटलेत?"

"आणि विमानात झोप लागत नाही म्हणे."

"अगं बाई! मग पाळणा बांधा म्हणावं. अंगाईसुद्धा गा."

पलीकडच्या खाटेवरचे रिटायर्ड मास्तर हसले आणि खोकले. "आमच्या काकांना बोटीनं यायला महिना लागला होता. तरी आले. याला बसायचं तेवढं आहे, चालवणारा दुसराच."

"असल्या लोकांना अंतर बरं सापडतं," मावशी म्हणाल्या. "शेजारच्या गल्लीत राहिला असता तर म्हणाला असता, रिक्षा मिळेना."

लेकीनं नुसती मान हलवून अण्णांची उशी सारखी केली. गेले कित्येक दिवस ती खाटेशेजारच्या स्टुलावरच डुलक्या घेत होती. पोरगी असावी तर अशी, असं मास्तर रोज म्हणायचे.

तिच्या हातातला फोन थरथरला. "त्याचाच."

अण्णांचा हात चादरीवरून उचलला गेला. "मला दे."

"इथं रेंज कुठंय, अण्णा? आणि तुम्हाला ऐकू तरी येतं का? मी बोलते ना."

"सांग त्याला... वाट बघतोय म्हणावं."

"सांगते."

ती नेहमीसारखी जिन्याकडे गेली.

मावशींना राहवेना. आज साहेबांची चांगली खरडपट्टी काढायचीच, नोकरी गेली तरी बेहत्तर. ओले हात पुसत त्या तिच्यामागून निघाल्या.

लेक जिन्यातल्या खिडकीशी पाठमोरी उभी होती, एक कान तळव्यानं झाकून. फोन मागायला मावशींनी हात पुढे केला, आणि तो तसाच राहिला.

"विमानतळावर? वेडा आहेस का तू?" लेक हसत होती. "अरे, साधा ताप होता, तोही उतरला. त्यासाठी एवढ्या लांबून कुणी येतं का? बॅगा उचल आणि घरी जा बघू. काय? अण्णांशी? आत्ता कसं बोलणार, ते खाली बागेत फेऱ्या मारतायत."