एकच खिळा

बालगृहात अठरा पूर्ण झाली की निघावंच लागतं; मुहय्यो आज निघाली होती. तिच्याच खोलीतली झेबो आठवडाभर अबोला धरून होती, पण फाटकाशी धावत आली आणि तंदुरातली गरम रोटी पुढं धरली. "चाव, ताई." घर सोडणाऱ्यानं रोटीचा एक घास घ्यायचा, उरलेली घरच्यांनी तो परतेपर्यंत भिंतीला टांगायची, ही रीत. मुहय्यो हसली. "मला घर कुठंय, वेडे?" "माझ्या पलंगावरच्या खिळ्याला टांगते." "तिथं तुझ्या आईची आहे ना?" कामासाठी रशियाला गेलेल्या आईनं चावलेली, वाळून दगड झालेली ती रोटी झेबोनं कुणाला शिवूही दिली नव्हती. तिनं नजर फिरवली. "सकाळी भिजवून चिमण्यांना घातली." मुहय्योनं रोटीवरची नजर उचलून तिच्याकडं पाहिलं. "बघतेस काय? चाव! आणि जास्त नको खाऊस, खादाडे. उरलेली खायला यायचंय तुला." मुहय्योनं अगदी इवलासा घास घेतला.