आई झोपली होती

शेवटचा बोल्ट सुटला तशी आतल्या स्प्रिंगनं बर्फावरच्या गाडीच्या, स्नोमोबाईलच्या, क्लचचं झाकण उडवलं आणि ते पडवीच्या भिंतीवर आपटलं. तडा गेलेलं होतंच, आता सरळ दोन तुकडे झाले.

"मर मेल्या!" उलुती झाकणाला म्हणाली आणि भंगारातल्या गाडीचं काढून आणलेलं दुसरं झाकण तिनं पुढे ओढलं.

बाहेर वारा फिरला होता. जमिनीकडून समुद्राकडे. सकाळपर्यंत किनाऱ्याला घट्ट चिकटलेला बर्फ सुटला होता, मधे पाण्याची काळी रेघ पडली होती, आणि रेघेच्या पलीकडे वाहत चाललेल्या बर्फावर, दुर्बिणीतून पाहिलं तर, एक ठिपका दिसत होता. तो ठिपका म्हणजे तिचा नवरा नुताराक. सीलच्या शिकारीला गेलेला. रेडिओवरून गावाला कळवलं होतं, माणसं निघालीही होती, पण त्यांना पोचायला अंधार होणार. छोटी होडी घसरगाडीवर बांधून तयार होती. ती ओढत पाण्यापर्यंत न्यायला इथे ही एकच स्नोमोबाईल, आणि हिचं आजच हे असं झालेलं.

समोर तिचा सासरा पाल्लुक गुडघे टेकून बसला होता. त्याची बोटं थंडीनं कधीच कामातून गेलेली, कंबर अशी की गाडीवर बसणंच नको. पण अंगात वजन होतं. त्यानं दोन्ही तळहातांनी नवं झाकण स्प्रिंगवर दाबून धरलं आणि उलुती बोल्ट लावायला लागली. हत्यारं सगळी होती. नुताराकच्या पेटीत एक पाना कधी इकडचा तिकडे नसायचा. नव्हता तो फक्त मधे बोलणारा.

कारण आमच्या या बर्फाच्या मुलखात सासरा आणि सून एकमेकांशी बोलत नाहीत. मान असतो तो. काही सांगायचंच झालं तर मधे तिसरं कुणीतरी लागतं, आणि या घरात ते काम इवालूकडे होतं. इवालू म्हणजे उलुतीची तान्ही लेक. तिला पाल्लुकच्या आईचं नाव ठेवलेलं, म्हणून तो तिला आई म्हणायचा आणि उलुती आजी. "आई, तिला सांग, चहा फार कडू झालाय." "आजी, त्यांना सांगा, साखर समोरच आहे." असा दोघांचा कारभार छान चालला होता.

आता आजी उलुतीच्या अंगरख्याला पाठीवर असलेल्या, मूल ठेवायच्या मोठ्या टोपीत गाढ झोपल्या होत्या.

झाकणावर एक खूण असते, खालच्या चकतीवर एक. दोन्ही समोरासमोर यायला हव्यात, नाहीतर सगळं फिरतं ते वेडंवाकडं. खूण पाल्लुकच्या अंगठ्यापाशीच होती आणि ती जुळली नव्हती. त्याला दिसलं. तो खाकरला. उलुतीनं मान वर केली नाही. तो पुन्हा खाकरला. यांना थंडी बाधली, तिच्या मनात आलं. त्यानं कोपरानं हळूच ढोसलं तर तिला वाटलं, जागा मागतायत. ती बिचारी सरकून बसली आणि एकेक बोल्ट आवळत गेली.

तिनं पट्टा चढवला, दोरी ओढली. इंजिन लागलं आणि अख्खी गाडी हिवताप भरल्यासारखी थडथडायला लागली. फळीवरचा डबा खाली पडला. उलुतीनं इंजिन बंद केलं. इवालू दचकून उठली आणि तिनं भोकाड पसरलं.

"आई!" पाल्लुक घाईघाईनं म्हणाला. "तिला सांग, खूण जुळली नव्हती."

उलुतीच्या हातातला पाना गळून पडला. "आजी, त्यांना विचारा, मघाशी का नाही बोललात?"

"आई, तिला सांग, तू झोपली होतीस."

आता बोला! उलुतीला वाटलं तोच पाना उचलून म्हाताऱ्याच्या डोक्यात घालावा. पाना तिनं उचलला आणि बोल्ट सोडवायला घेतले. रडत होती आणि सोडवत होती. "तिकडे तुमचा नातू वाहून चाललाय, आजी! आणि हे इथे मान राखत बसलेत!"

झाकण पुन्हा बसवताना पाल्लुकनं आधी ते फिरवून खुणेला खूण लावली आणि अंगठा तिथेच रोवला. नख काळंनिळं झालं तरी शेवटचा बोल्ट आवळेपर्यंत त्यानं तो हलवला नाही.

या वेळी इंजिन नीट चाललं.

उलुतीनं गाडी बाहेर काढली, होडीची घसरगाडी मागे अडकवली. पाण्याची रेघ आता दुर्बिणीवाचूनही दिसत होती. ठिपका दिसत नव्हता. तिनं टोपीतून इवालूला काढलं, पाल्लुकच्या हातात दिलं आणि गाडीवर बसली. मान खाली घालून थांबली. निघताना म्हातारा काहीतरी सांगणार, नेहमीसारखं, आईमार्फत.

पाल्लुकनं पोरीकडे पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं. मग त्यानं सरळ सुनेच्या डोळ्यांत पाहिलं.

"उलुती," तो म्हणाला. लग्न होऊन आल्यापासून त्याच्या तोंडून तिनं स्वतःचं नाव ऐकलं नव्हतं. "नाहीच सापडला, तर तू तरी परत ये."

तिनं मान हलवली आणि गाडी सोडली. होडी आदळत आपटत तिच्यामागून बर्फावर गेली.

इवालू तिच्या दिशेनं दोन्ही हात पसरून आकांत करत होती.

"रडू नकोस, आई," पाल्लुक तिला छातीशी धरून म्हणाला. "मी सांगितलंय तिला."