पाठमोरा माणूस

हदगावच्या कोर्टात बजरंग आणि रामलिंग या दोघांवर सोयाबीनची गंजी जाळल्याचा एकच खटला चालू होता. बजरंगनं साक्षीला आपली मानलेली बहीण, शिलाईवाली कमरुन्निसा, आणली. “बजरंग माझ्या दुकानात व्हता. गंजीकडून रामलिंग पळाला,” ती म्हणाली. रामलिंगची वकील तनुजा उलटतपासाला उठली. “साक्षीदार आरोपीचाच आहे, उलटतपास कसला?” सरकारी वकिलांनी हरकत घेतली. “तिच्या साक्षीनं दुसरा आरोपी अडकतोय. त्याला विचारण्याचा हक्क आहे,” न्यायाधीश म्हणाले. तनुजानं हळूच विचारलं, “चाची, पळणाऱ्याचं तोंड बघितलं?” कमरुन्निसानं डोळे वटारलेल्या बजरंगकडे पाहिलं आणि कठडा घट्ट धरला. “न्हाई बाई. माणूस पाठमोरा व्हता. बजरंग दुकानात व्हता, हे खरं हाय. पण रामलिंगचं नाव मला त्यानंच घ्यायला लावलं.” तनुजानं उरलेले प्रश्न विचारलेच नाहीत. चाचीपुढे मान लववून ती खाली बसली.