पट्टा वाजला

“गाईच्या गळ्यात घंटा बांधतात ना, तसं करून ठेवलंय मला,” सासू पुटपुटली आणि मनगटावरच्या पट्ट्याखाली बोट घालून खाजवू लागली.

“मागे न्हाणीघरात कोसळलात, ते विसरलात?” सून इस्त्री फिरवत म्हणाली. “चक्कर यायच्या आधीच सांगतो तो.”

सांगतो म्हणजे नाडी घसरली की दोन्ही मुलांचे फोन कोकलतात. मग पुढच्या गल्ल्यावरून थोरला आणि गाठोडी बांधताबांधता धाकटा, दोघेही लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत धावत येतात.

सुनेनं एकदम टेबलाची कड धरली. “मलाही पुन्हा अंधारी येतेय हो.”

“शर्टांचा ढीग बघून येतच असेल, वहिनी!” थोरल्यासोबत इस्त्रीचे कपडे न्यायला आत आलेला धाकटा म्हणाला. थोरला हसला. “पाणी पी,” म्हणाला आणि गल्ल्यावर गेला. सासूही हसली, पण मध्येच थांबली. कोसळण्याआधी तिनंही मोरीची कड अशीच धरली होती.

दुपारी फोन कोकलले. गल्ला उघडा टाकून थोरला धावला. त्याच्यामागे धाकटा. इस्त्रीच्या टेबलाला वळसा घालून दोघं आईच्या खुर्चीशी पोचले. आई टॉवेलांच्या घड्या घालत होती. मनगट मोकळं.

“माझ्याकडे काय बघताय? तिला धरा!”

टेबलाशी सून पांढरीफटक उभी होती. हातात तापलेली इस्त्री. थोरल्यानं ती काढून घेतली आणि बायकोला अलगद खाली निजवलं. धाकट्यानं तिचे पाय गाठोड्यावर ठेवले. आईसाठी शिकून ठेवलेलं सगळं. बाहीखालून पट्टा डोकावत होता.

हळूहळू तिच्या ओठांना रंग आला. “खाजतंय म्हणाल्या,” ती क्षीण आवाजात म्हणाली. “तासभर तू घाल म्हणाल्या.”

आत्ताच तिच्या शेजारून धावत पुढे गेलो होतो, हे दोघा भावांना पुरतं कळलं होतं. थोरला तिची ओढणी उगीचच सारखी करत राहिला.

“पण आई,” तो शेवटी म्हणाला, “तेवढ्यात तुलाच काही झालं असतं म्हणजे?”

“मला नुसतं कसंसं झालं म्हटलं तरी तुम्ही धावता रे,” आई म्हणाली. हातातली घडी तिनं मोडली. “ती म्हणते, तेव्हा आपण हसतो. मीसुद्धा.”