भंतेजींचे पाय

बोधगयेच्या विहारामागच्या धर्मशाळेत पार्बताबाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्या दर्शनाला नव्हे, पोराला परत न्यायला आल्या होत्या. शिबिराला म्हणून गेलेला नितेश भिक्खूच होऊन बसला होता. बाई चटईवर बसत, लगेच उठत, खिडकीतून चीवर पांघरलेला प्रत्येक भिक्खू निरखत. बोलायचं ते अकोल्यापासूनच घोकलं होतं : "घरी चाल, बाबू. एकटीनं राहवत नाही मले."

दुपारी तो अंगणात आला. मुंडण केलेलं डोकं, खाली नजर. बाई लगबगीनं बाहेर आल्या. बोलणार, तोच शेजारची उपासिका म्हणाली, "भंतेजींना वंदन करा ना, मावशी."

पोटच्या पोराला? त्या घुटमळल्या. तोही अवघडला, पण हलला नाही. शेवटी गुडघे टेकून त्या वाकल्या, तर समोर त्याची अनवाणी पावलं. टाचांच्या कडेला भेगा पडून रक्त सुकलेलं.



"भंतेजी, पाय लई फुटले तुमचे. खोबरेल लावत जा."

"लावीन." तो तिथंच त्यांच्यासमोर खाली बसला. "तू जेवलीस का, आई?"

बाईंनी मान डोलावली. घरी चाल, असं मग त्या म्हणाल्याच नाहीत.