एकाआड एक

राहीबाईंनी पुन्हा एक श्वास गाळला.

"घ्या... सोडा... घ्या... सोडा," प्रियदर्शिनीने मोजणी थांबवली नाही, पण तिची नजर तिथेच गेली. बाकीच्या तेरा बायकांचे खांदे एकदम वर जात होते, एकदम खाली येत होते. राहीबाई मात्र एक श्वास घ्यायच्या आणि पुढच्याला ओठ मिटून बसायच्या. मग पुन्हा एक घ्यायच्या. एकाआड एक. आजचा हा नववा रविवार, आणि नवव्या रविवारीही तेच.

जांभूळकोंड या डोंगराखालच्या वाडीवर दरड कोसळून वर्ष झालं होतं. वाचलेली माणसं आता पोलादपूरच्या वाटेवर पत्र्याच्या घरांत राहत होती, आणि प्रियदर्शिनी दर रविवारी सकाळी महाडहून स्कूटीवर येऊन तिथल्या अंगणवाडीत बायकांना श्वास घ्यायला शिकवत होती. तेही फुकट. महाडात तिच्या योगवर्गाला डॉक्टर-वकिलांच्या बायका नंबर लावायच्या. आपल्या हाताखाली आलेलं माणूस सुधारलं नाही असं कधी झालं नाही, याचा तिला थोडा तोरा होता. थोडा म्हणजे बराच.

इथेही तिचा तोरा फुकट गेला नव्हता. पावसाचा नुसता आवाज आला तरी तुळजाबाईंना कापरं भरायचं. त्या आता पत्र्यावर सर वाजली की मांडी घालून 'घ्या, सोडा' करायच्या आणि सुनेलाही बसवायच्या. गाडी अडली होती ती राहीबाईंपाशी. त्यांना चक्कर यायची. महिन्यात दोनदा त्या बांधावर पडल्या होत्या, एकदा भरल्या हंड्यासकट. डॉक्टरांचं तपासून झालं होतं. रक्त चांगलं, छाती चांगली. अंगणवाडीची सेविका सारिका ही राहीबाईंची पुतणी. तिनेच पहिल्या दिवशी प्रियदर्शिनीचा हात धरला होता. "म्याडम, आमच्या काकीला दम घेयाला शिकवा. नायतर एक दिस हातची जाईल ती."

आज प्रियदर्शिनीचा धीर सुटला. बाकीच्या डोळे मिटून बसल्या होत्या. ती राहीबाईंच्या समोर जाऊन बसली आणि तिने आपला तळवा त्यांच्या पोटावर ठेवला.

"घ्या."

राहीबाईंनी घेतला.

"सोडा."

सोडला.

"घ्या."

ओठ मिटले. पोट हललं नाही.

"राहीबाई, हवा काय रेशनवर मिळते का?" प्रियदर्शिनी हसतच म्हणाली. "सगळ्यांना पुरेल एवढी आहे. तुम्ही कुणासाठी राखून ठेवताय?"

बोलण्याच्या ओघात ती बोलून गेली. कुणी हसलं नाही. तुळजाबाईंनी डोळे उघडले. सारिकाने हातातलं हजेरीपुस्तक खाली ठेवलं.

"ह्यांच्यासाठी," राहीबाई म्हणाल्या.

त्यांचे यजमान दत्ताराम दरडीत गेले, हे प्रियदर्शिनीला माहीत होतं. दोघंही एकाच तुळईखाली सापडले होते. भाताच्या कणगीने तुळई तोलून धरली म्हणून राहीबाई संध्याकाळी जिवंत निघाल्या, हे सगळ्या कोंडाला माहीत होतं. आत काय झालं ते कुणी विचारलं नव्हतं. विचारायला कुणाची जीभच रेटली नव्हती.

"न्याहरीच्या टायमाला डोंगर आला," राहीबाई सांगू लागल्या. आवाज असा, की जणू कालच्या बाजाराची हकिकत. "पान वाढलेलं. मग समदा काळोख. वीतभर जागा नि कोंडलेली हवा. हे म्हणाले, गो, दम बेतानं घे. एक तू घे, एक मी घेतो. भाकर कमी असली की आमी वाटून खायचो ना, तसं. मी माझा घ्यायची नि थांबायची. मग ह्यांचा आवाज यायचा. मग मी. असं लय वेळ चाललं."

"मग?" प्रियदर्शिनीच्या तोंडून निघून गेलं.

"मग ह्यांचा आवाज थांबला. हात गार लागला, पण चिखलच गार होता. मला वाटलं, ह्यांचा सोभावच तो. माझी नजर नाय असं बघून आपल्या पानातलं माझ्या पानात सारायचे. म्हटलं, आजपण तसंच करतायत." राहीबाईंनी पदराने ओठ पुसले. "पण मी ह्यांच्या आदी कदी जेवले नाय. ह्यांच्या वाटणीला हात कसा लावू? मी आपली माझ्यापुरता घेत ऱ्हायली. एक सोडून एक."

नऊ रविवार प्रियदर्शिनी या बाईला हटवादी समजत होती, तिच्यावर चिडत होती. तिला स्वतःची लाज वाटली. खोलीत चौदा बायका होत्या आणि एकीचाही श्वास ऐकू येत नव्हता.

राहीबाईंनी पोटावरचा तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"सांजच्याला बाहेर काढलं तवा डाक्तर बोलला, हे सकाळीच गेलेले. म्हंजे दिसभर ह्यांच्या वाटणीचा दम तसाच पडून होता." त्यांनी एक श्वास घेतला, सोडला. पुढच्याला ओठ मिटायला गेले आणि अर्धवट उघडेच राहिले. "बाय, तू शिकलेली हायस. तूच सांग. आता तो मी घेतला, तर चालंल का गो?"