कच्चा टाका

दिवाणसाहेबांविरुद्ध बोलणारा माणूस मेलेला सापडायचा आणि त्याच्या सदऱ्याचा गळा शिवून बंद केलेला असायचा. हे काम राजवाड्याच्या शिंप्याचं. दिवाणांनी माणूस दाखवायचा, बाकीचं मास्तर बघायचे.

त्या सकाळी कोतवालीच्या ओट्यावर छापखानेवाल्याचं प्रेत ठेवलं होतं, गळा शिवलेलं. मास्तर चक्रावले. ह्याला तर त्यांनी हातही लावला नव्हता! आपल्या नावाखाली कोण हात धुऊन घेतंय, ते बघायला मास्तर गर्दीत घुसले.

"काय सफाई आहे हो शिवणीत!" कोतवाल मोठ्याने म्हणाला.

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ह्याला सफाई म्हणता? अहो, हा कच्चा टाका! आधीच्या एका तरी गळ्याला होता का असा?"

"गळे शिवलेले असतात एवढंच लोकांना ठाऊक आहे, मास्तर. टाके आम्ही कुणालाच दाखवले नव्हते."

प्रेत उठून बसलं.

मास्तरांनी मान खाली घातली नाही. "हे शिवलंय कुणी?"

"मीच," कोतवाल म्हणाला.

"तरीच! बेड्या मागाहून घाला. आधी तो गळा उसवा आणि सुई द्या इकडे. असली शिवण माझ्या नावावर नको."